अपंगत्वाचा टक्का आणि भरपाईचा आकडा

मोटार अपघातात जखमी झालेल्या माणसाची भरपाई मुख्यतः तीन गोष्टींवर ठरते: त्याचे वय, त्याची कमाई आणि दुखापतीमुळे त्या कमाईत आलेली कायमची घट. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६८ ने भरपाई ‘न्याय्य’ असावी एवढेच म्हटले आहे. न्याय्य म्हणजे किती, हे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांनी बरेचसे ठरवून दिले. तरीही अमरावती किंवा अकोल्याच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात तडजोडीची बोलणी सुरू होतात, तेव्हा हा हिशेब बहुधा विमा कंपनीच्या अधिकाऱ्यालाच तोंडपाठ असतो. समोर बसलेल्या मजुराला किंवा लहान शेतकऱ्याला तो कोणी सांगितलेला नसतो, आणि त्याचे नुकसान होते ते इथेच.

हिशेबाची रीत अवघड नाही. सरला वर्मा खटल्याच्या २००९ च्या निकालाने वयानुसार गुणक ठरवले: १५ ते २५ वयाला १८, २६ ते ३० ला १७, पुढे उतरत उतरत ४६ ते ५० ला १३ आणि ६१ ते ६५ ला ७. प्रणय सेठी खटल्यात २०१७ साली घटनापीठाने कमाईत भविष्यातील वाढ धरायला सांगितली. स्वतःचा धंदा किंवा ठरावीक मजुरी असलेल्याचे वय चाळिशीच्या आत असेल तर ही वाढ ४० टक्के धरतात. ती मृतांच्या वारसांप्रमाणे जखमींनाही लागू आहे, हे पप्पू देव यादव खटल्याच्या २०२० च्या निकालाने स्पष्ट केले. शिवाय मृत्यूच्या दाव्यात स्वतःच्या खर्चापोटी जी वजावट होते, ती जखमीच्या दाव्यात होत नाही, कारण जखमी माणूस जिवंत आहे आणि त्याचा खर्च चालूच असतो.

समजा, वरुड-मोर्शी पट्ट्यात संत्र्याच्या गाड्या भरणारा २८ वर्षांचा हमाल आहे आणि महिन्याला १२,००० रुपये कमावतो. ४० टक्के वाढ धरली की कमाई १६,८०० होते, वर्षाची २,०१,६००. तिला १७ ने गुणले की ३४,२७,२०० रुपये होतात. ही झाली शंभर टक्के कमाई बुडाल्याची किंमत. पाय मोडून त्याला ४० टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र मिळाले आणि कमाईतली घटही तेवढीच धरली, तर हाती १३,७०,८८० रुपये येतात. पण ज्याला पोते उचलून ट्रकवर चढता येत नाही, त्याची हमाली ४० टक्केच कशी बुडेल? न्यायाधिकरणाने घट ७० टक्के मानली, तर रक्कम २३,९९,०४० होते. दुखापत तीच, माणूस तोच, आणि फरक दहा लाखांहून अधिक.

हा भेद राजकुमार विरुद्ध अजयकुमार खटल्याच्या २०१० च्या निकालात नीट मांडला आहे. डावा हात तुटलेला माणूस वाहनचालक किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळजवळ पूर्ण जाते. तोच सरकारी कारकून असेल तर नोकरी टिकूही शकते. प्रमाणपत्रावरचा टक्का एका अवयवाचा आहे की सगळ्या शरीराचा, हेही तपासायला तो निकाल सांगतो. म्हणून अमरावतीच्या इर्विन किंवा अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयातून नुसता कागद आणून भागत नाही. हा माणूस आता उकिडवा बसू शकतो का, ओझे घेऊन चालू शकतो का, डवरा धरू शकतो का, हे डॉक्टरांच्या साक्षीत आले पाहिजे. साक्ष झालीच नाही, तर तो टक्का विमा कंपनीच्या वकिलाला सहज पाडता येतो.

दुसरी पडझड कमाईच्या पुराव्यात होते. कापूस वेचणीची मजुरी किलोवर मिळते, सोयाबीन सोंगणीचा गुत्ता असतो, आणि यातल्या कशाचीच पावती नसते. वरच्या उदाहरणात १२,००० ऐवजी ८,००० रुपये धरले, तर ४० टक्क्यांच्या हिशेबाने रक्कम ९,१३,९२० वर येते. किमान वेतनाची अधिसूचना, बँकेचे पासबुक, बाजार समितीच्या हिशेबपट्ट्या, मालकाची साक्ष, यांतले जे असेल ते दाव्यात यायला हवे. घर सांभाळणाऱ्या स्त्रीची कमाई शून्य धरता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने कीर्ती खटल्यात २०२१ साली ठामपणे सांगितले. अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याचे सगळे करताना तिची मजुरी बुडते, तीही शुश्रूषेच्या खर्चात मागता येते; ती मागितली मात्र क्वचितच जाते. पुढच्या शस्त्रक्रियांचा खर्च, वेदना, आयुष्यातले हरवलेले सुख आणि अर्जाच्या तारखेपासूनचे व्याज हे सारे याखेरीज.

पैसे कोण देणार, हा प्रश्न वऱ्हाडात विशेष बिकट आहे. इथली मजुरांची ने-आण ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आणि मालवाहू पिकअपमधून चालते. मालवाहू गाडीत असे बसलेल्या प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, हे आशा राणी निकालापासून पक्के झाले आहे. मग निवाडा उरतो मालकाविरुद्ध, आणि तो मालक बहुधा गावातलाच कर्जात बुडालेला शेतकरी असतो. ठोकर मारणारी गाडी सापडलीच नाही, तर गंभीर जखमीला सरकारी योजनेतून ५०,००० रुपये मिळतात. अर्ज तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकाऱ्याकडे करायचा. एका मोडलेल्या पायाच्या उपचारालाही ही रक्कम पुरत नाही. ती वाढवलीच पाहिजे.

तडजोड वाईट नाही. दावा वर्षानुवर्षे चालण्यापेक्षा लोक अदालतीत आज मिळालेले पैसे अनेक घरांना तारतात. मात्र लोक अदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. न्यायाधिकरणाचा निकाल पटला नाही तर नागपूर खंडपीठात जाता येते. तडजोडीवर सही झाली की ती वाट बंद. तिथे आकडा ‘सर्व मिळून’ असा बोलला जातो आणि साठलेले व्याज त्यात मुकाट्याने विरते. २०१९ च्या दुरुस्तीने आणखी एक जोखीम आणली. कलम १६४ खाली चूक कोणाची हे सिद्ध न करता गंभीर जखमीला अडीच लाख रुपये मिळतात; पण ते स्वीकारले की कलम १६६ चा दावा संपतो. वरच्या हमालाने घाईने ती रक्कम घेतली, तर त्याने काय सोडले ते उघड आहे.

त्याच दुरुस्तीने दाव्याला सहा महिन्यांची मुदत घातली. तिच्या वैधतेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि त्याचा निकाल लागेपर्यंत केवळ मुदतीच्या कारणावरून दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. त्यावर विसंबून कोणी थांबू नये. २०२२ च्या नियमांनुसार पोलिसांनी ४८ तासांत प्राथमिक आणि ९० दिवसांत सविस्तर अपघात अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा आहे. हे नेमाने झाले तर अर्धा पुरावा आपोआप गोळा होतो. लोणी ते माना या ७५ किलोमीटरच्या पट्ट्याचे डांबरीकरण जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत पुरे करून अमरावती-अकोला महामार्गाने जागतिक विक्रम केला. त्या रस्त्यावर गाड्यांचा वेग वाढला. बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू इथल्या ठाण्यांतून जाणाऱ्या अहवालांनाही तशीच निकड हवी.

दोन्ही जिल्ह्यांच्या विधी सेवा प्राधिकरणांना यात बरेच करता येईल. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि अल्प उत्पन्नगट यांना मोफत वकील मिळतो. दवाखान्यात खाटेशी येऊन टक्केवारीवर दावा घेणाऱ्याची त्यांना गरज नाही, आणि वकिलाने वसुलीत वाटा ठरवणे बार कौन्सिलच्या नियमांत बसतही नाही. लोक अदालतीत सही घेण्याआधी वय, कमाई, टक्का, गुणक आणि व्याज मांडलेला एक पानाचा मराठी हिशेब अर्जदाराच्या हाती देणे प्राधिकरणांनी सक्तीचे करावे. मंजूर रक्कम थेट अर्जदाराच्या खात्यात जमा करण्याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये दिले आहेत. अर्ज दाखल होतानाच पासबुकाची प्रत जोडून घेतली, तर मंजुरीनंतरचे हेलपाटेही टळतील.