कादंबरी पुरावा नव्हे; पण ती दगड वाचवू शकते

१/ ‘कादंबरीत तसे लिहिले आहे’ हे वाक्य इतिहासाच्या चर्चेत पुरावा म्हणून उच्चारले जाते, तेव्हा इतिहासावर अन्याय होतो आणि कादंबरीवरही. मत अनेकांना रुचणार नाही, तरीही मांडतो.

२/ व्हिक्टर ह्यूगोची ‘नोत्र-दाम द पारी’ १८३१ साली प्रसिद्ध झाली. कथानक १४८२ च्या पॅरिसमधले. त्यातला घंटा वाजवणारा कुबडा क्वासिमोदो काल्पनिक आहे. तिची थोरवी तिच्यातल्या पुराव्यांत नाही.

३/ मग तिने साधले काय? राज्यक्रांतीच्या काळात, १७९३ मध्ये, या कॅथेड्रलवरील राजमूर्तींची शिरे उडवली गेली. पुढे वास्तू जीर्ण होत गेली. ह्यूगोने तीच वास्तू कथेच्या केंद्रस्थानी ठेवली. लोकांचे लक्ष त्या दगडांकडे वळले आणि १८४४ नंतर लास्यू व व्हियोले-ल-द्युक यांच्या देखरेखीखाली जीर्णोद्धार झाला.

४/ आता आपल्याकडे पाहू. हरि नारायण आपट्यांची ‘गड आला पण सिंह गेला’ ही कादंबरी म्हणून मोठीच. परंतु तानाजी पडले म्हणून कोंढाण्याचा ‘सिंहगड’ झाला, ही समजूत त्या शीर्षकाने अधिकच घट्ट केली. प्रत्यक्षात ‘सिंहगड’ हे नाव १६७० पूर्वीच्या पत्रांतही आढळते. या दुरुस्तीने तानाजींचे शौर्य तसूभरही उणे होत नाही.

५/ ‘कागद शुष्क असतात, कादंबरी जिवंत असते’, हा आक्षेप ठाऊक आहे. मान्य! पण जिवंतपणा म्हणजे सत्यता नव्हे.

६/ मी वणीचा. सिंहगडाच्या लढाईच्याच वर्षी, १७ ऑक्टोबर १६७० रोजी, सुरतेच्या दुसऱ्या स्वारीहून परतताना शिवाजी महाराजांनी वणी-दिंडोरी परिसरात दाऊदखान कुरेशीच्या मोगल फौजेशी उघड्या मैदानात झुंज दिली आणि ती जिंकली. घोरपडीची कथा रंगवून सांगणारे मला गावात पुष्कळ भेटतात. या लढाईची तारीख सांगणारा क्वचितच.

७/ दोष कादंबरीचा नाही, आपल्या वाचनाचा आहे. ह्यूगोच्या वाचकांनी पुस्तक मिटून वास्तूकडे पाहिले. आपण पुस्तक मिटून वाद घालतो.

८/ म्हणून विनंती एवढीच: कादंबरी जरूर वाचा, पुरावा पत्रांत शोधा आणि मग आपल्या गावाशेजारची ती जमीन एकदा पायांखाली घाला. तुमच्या गावाजवळची अशी विसरलेली लढाई कोणती?