आधी ब्लेड बघा, मग मशीन घ्या



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. देवबागचे एक सुतारकाका दुकानात आले. एका होमस्टेच्या चौकटी खालून कुजलेल्या, दरवाजे फुगलेले, आणि चतुर्थीच्या आधी काम संपवायचं होतं. मल्टी-टूल मशीन नवीनच घेतलेलं, पण ते साइटवर ठेवून आले होते. ब्लेडचं पाकीट हातात घेऊन त्यांनी विचारलं, "ह्यां माझ्या मशिनाक बसात काय रे?" पाकिटावर 'युनिव्हर्सल' लिहिलेलं होतं. मी म्हटलं, "बसात, काका."

नाही बसलं. परत मालवणला येण्यात त्यांचा अर्धा दिवस गेला, दोन माणसांची हजेरी फुकट गेली. चूक माझी होती. मशीनचं तोंड कसं आहे, हे मी विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. मल्टी-टूल घेताना मशीनची किंमत दुसऱ्यांदा विचारा. पहिला प्रश्न हा: याला कोणतं ब्लेड बसतं, आणि ते आपल्याकडे मिळतं का?

हा गोंधळ मुळात का झाला ते बघा. फाइन या जर्मन कंपनीने १९६७ मध्ये हाडावरचं प्लास्टर कापायला असं थरथरणारं यंत्र आणलं. पुढे त्याचंच सुतारकामाचं हत्यार झालं. २००८ च्या सुमारास पेटंट संपलं आणि मग सगळ्याच कंपन्या बाजारात उतरल्या. मशीन स्वस्त झाली हे चांगलंच झालं, पण ब्लेड पकडायची तोंडं प्रत्येकाने वेगवेगळी काढली. २०१६ मध्ये बॉश आणि फाइनने मिळून 'स्टारलॉक' आणलं.

आज दुकानात तुम्हाला ढोबळमानाने दोन प्रकार दिसतील.

पहिला, स्क्रूवाला. मशीनचं तोंड सपाट, त्यावर बारीक पिना, मधे स्क्रू. पाकिटावरचं 'युनिव्हर्सल' बहुतेक वेळा याच्यासाठी असतं. स्वस्त ब्लेड सगळ्यात जास्त याचीच मिळतात.

दुसरा, स्टारलॉक. ब्लेडचा मधला भाग वाटीसारखा खोलगट, ताऱ्याच्या आकाराचा. सपाट ब्लेड यात अडकतच नाही. काकांचं मशीन हेच होतं. यातही तीन पायऱ्या आहेत. साधं स्टारलॉक ब्लेड तिन्ही प्रकारच्या मशीनला बसतं, 'प्लस'चं ब्लेड प्लस आणि मॅक्सला, आणि 'मॅक्स'चं फक्त मॅक्सला. म्हणजे छोट्या मशीनसाठी महागडं मॅक्स ब्लेड घेतलंत तर ते खुंटीला टांगून ठेवायचं.

आता पैशांचं बोलू. आपल्याकडे लोक पाकिटाची किंमत बघतात. मी म्हणतो, कामाला किती पडलं ते बघा. समजा साधं ब्लेड ८० रुपयांचं आहे. जुनी फणसाची चौकट, आत गंजके खिळे. एक खिळा लागला की दात गेले. एका चौकटीला दोन ब्लेड गेली, म्हणजे १६० रुपये. समजा बायमेटलचं ब्लेड ४०० चं आहे आणि त्यात पाच चौकटी झाल्या, तर चौकटीला ८० पडले. महाग कुठलं?

पण याचा अर्थ सगळंच महाग घ्या असा नाही! प्लायवूड, एमडीएफ, पीव्हीसी पाइप यांना साधं ब्लेड उत्तम चालतं. तिथे ४०० चं ब्लेड लावणं म्हणजे मासळी कापायला कोयता काढण्यासारखं. खिळेवाल्या लाकडाला बायमेटल. टाइल्सच्या फटी आणि कडक स्क्रूला कार्बाइड. आणि चिरा कापायला हे मशीन नाहीच, त्याला ग्राइंडर आहे.

ब्लेड लवकर जातं त्यात आपल्या हाताचाही दोष असतो. दाबून कापू नका. ब्लेड थोडं डावीकडे-उजवीकडे हलवत न्या, भुसा बाहेर येऊ द्या. धातूला स्पीड कमी ठेवा. दात निळे पडले की समजा ते तापून मेलं. शिवाय आपली खारी हवा! काम झालं की पुसा, तेलाचा हात फिरवा आणि झाकणाच्या डब्यात ठेवा.

माझ्या ट्रेनिंगला येणाऱ्यांना मी तीन गोष्टी करायला लावतो. एक, मशीनच्या तोंडाचा फोटो मोबाइलमध्ये कायम ठेवा आणि दुकानदाराला तोच दाखवा. दोन, वाडीतले तीन-चार सुतार-प्लंबर मिळून एकाच तोंडाची मशीन घ्या. मग ब्लेड एकत्र मागवता येतात आणि अडीअडचणीला शेजाऱ्याचं चालतं. तीन, कोटेशनमध्ये ब्लेडची ओळ वेगळी लिहा. गिऱ्हाईक खिळ्यांचे पैसे देतं, मग ब्लेडचे तुम्ही खिशातून का घालता?

आणि माझ्या दुकानदार भावांनो, मशीन विकून आपलं काम संपत नाही. ज्या मशीनचं ब्लेड आपण ठेवत नाही, ते मशीन विकूच नये असं मला वाटतं. एका विक्रीचा नफा जाईल, मान्य. पण ब्लेडसाठी तोच माणूस वर्षभर तुमच्या पायरीवर येईल.

ते काका आता ब्लेड न्यायला येतात तेव्हा मशीन पिशवीत घालूनच आणतात. बसवून बघतात, मगच पैसे देतात. मला राग येत नाही. उलट सगळ्यांनी असंच करावं.

आज घरी गेल्यावर तुमच्या मशीनचं तोंड एकदा नीट बघा आणि फोटो काढून ठेवा. भेटू पुढच्या व्हिडिओत.