शाळा सुटल्यावरची पोरं कुणाची?

एक साधा हिशेब मांडून पाहू. शाळा संध्याकाळी पाचच्या सुमाराला सुटते. रोवणीच्या दिवसांत तुम्ही बांधीतून घरी येता तेव्हा दिवेलागण झालेली असते. मग गुरांचं चारापाणी, चूल, जेवण. या पाच ते आठच्या तीन तासांत तुमचं पोरगं कुठं असतं? शाळा म्हणते, आमची वेळ संपली. आईबाप म्हणतात, आम्ही कामावर. ग्रामपंचायतीच्या एकाही रजिस्टरात या तीन तासांची नोंद नाही. पोरगा पानठेल्याजवळ, नाहीतर मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेला. पोरगी लहान भावाला कडेवर घेऊन चुलीपाशी.

आपल्या भंडारा जिल्ह्यात हे अधिकच खरं आहे. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कापणी-मळणी. शाळेचं पहिलं सत्र नेमकं याच दोन हंगामांत सापडतं. पोर मागं पडतं ते तेव्हा, आणि वर्षाअखेरीस निकाल हाती आला की आपण मास्तरांना बोल लावतो.

मागं पडणं म्हणजे काय, तेही पहा. ‘असर’च्या २०२२ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या शंभर मुलांपैकी ४३ जणांनाच दुसरीच्या पुस्तकातला उतारा वाचता आला. २०१८ मध्ये, म्हणजे कोरोनाने शाळा बंद पडण्याआधी, हाच आकडा ५० च्या आसपास होता. ज्या घरात बापाला किंवा आईला वाचता येत नाही, तिथं गृहपाठ कुणी घ्यायचा? शहरात त्यासाठी पैसे मोजून शिकवणी लावतात. मजुराच्या घरी ते कसं जमणार?

“आम्ही शिकलो तेव्हा कुठं होतं हे सगळं?” असं काही जण विचारतील. बरोबर आहे. पण तेव्हा शिकले किती आणि शाळा सोडून ढोरांमागं गेले किती, तेही आठवा. आणि दिवसभर राबणाऱ्यांसाठी संध्याकाळी शिकण्याची सोय ही काही नवी टूम नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रशाळा काढली होती.

अलीकडचं उदाहरण सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावचं. कोरोनाच्या काळात मुलांना मोबाईलची चटक लागली म्हणून २०२२ च्या ऑगस्टमध्ये गावानं ठरवलं, संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजला की दीड तास टीव्ही-मोबाईल बंद. हा विषय आधी महिलांच्या सभेत मांडला गेला. मग आशा, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायत कर्मचारी, निवृत्त शिक्षक घरोघरी फिरले. नुसत्या भोंग्यानं काम झालं नाही, माणसं फिरली म्हणून झालं.

आपल्याला भोंग्याच्याही पुढं जाता येईल. समाजमंदिराची एक खोली, दोन दिवे, एक सतरंजी आणि थोडी गोष्टीची पुस्तकं, एवढ्यावर सुरुवात होते. वीज दगा देते म्हणून एक सौर दिवा ठेवा. आधी थोडा वेळ मैदानात कबड्डी-लंगडी, मग तासभर मोठ्यानं वाचन आणि गृहपाठ. तिथं शिकवणीचा वर्ग भरवू नका, पोरं पळतील. गावातली बारावी झालेली पोरंपोरी आळीपाळीनं बसू शकतात. त्यांना थोडं मानधन द्या, फुकटात कोणी किती दिवस बसेल? शिक्षकांवर हा बोजा टाकू नका, त्यांना सल्ल्यापुरतं बोलवा. मुलींची वेळ लवकर ठेवा, आणि त्या टोळीनं, मोठ्या माणसासोबत घरी पोचतील असं पहा. नाहीतर आया त्यांना पाठवणार नाहीत, आणि त्यांचं चुकणार नाही.

पैसा कुठून आणायचा? सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी साहेब, स्वउत्पन्नातली दहा टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी खर्चायची असते, हे आपल्याला ठाऊकच आहे. दरवर्षी ती कशावर उठते, ते एकदा ग्रामसभेत वाचून दाखवा. संध्याकाळची खोली गावविकास आराखड्यात घाला. देखरेख शाळा व्यवस्थापन समितीकडे द्या, तिथं बहुसंख्य पालकच असतात.

रस्ता, नाली, सभामंडप दिसतात, म्हणून त्यांना मंजुरी लवकर मिळते. वाचायला शिकलेलं पोर फोटोत दिसत नाही. पण उद्या सातबारा, पीकविम्याचा अर्ज आणि बँकेचा कागद तेच पोर तुम्हाला वाचून दाखवणार आहे. येत्या ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा होईल, तिथंच हा विषय मांडा. आणि पुढची रोवणी लागायच्या आत त्या खोलीत दिवा लावा.