वाढत्या यादीची जागा

‘जोतिबा’ हे नाव रोमन लिपीत ६ बाइटांत मावते. देवनागरीत त्यालाच १८ बाइट लागतात, कारण यूटीएफ-८ या सर्वमान्य पद्धतीत ज, ओकार, त, इकार, ब आणि आकार या सहाही चिन्हांना प्रत्येकी ३ बाइटांची जागा द्यावी लागते. हा हिशेब क्षुल्लक वाटतो खरा. परंतु जोतिबाच्या चैत्र यात्रेला वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर लोटणाऱ्या लाखो भाविकांची नावनिशीवार यादी एखाद्या प्रोग्रामला पुरवायची झाली, आणि ती एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये भरण्याचा सोपा मार्ग कोणी पत्करला, तर रोमन लिपीतील चार नावांवर निर्वेध पार पडलेली चाचणी ऐन यात्रेत निरुपयोगी ठरेल.

लिनक्समध्ये अशा एका व्हेरिएबलला, त्याचे नाव धरून, सामान्यतः १,३१,०७२ बाइटांची मर्यादा असते. त्यात ‘जोतिबा’ हा शब्द सलग ७,३०० वेळाही बसत नाही. अॅमेझॉनच्या लॅम्डा सेवेत तर साऱ्या व्हेरिएबलांना मिळून अवघे ४ किलोबाइट मिळतात. लिनक्सवरील अडचण अशी, की व्हेरिएबल भरताना शेल चकार शब्द काढत नाही. पुढे साधी ‘एलएस’ ही आज्ञा दिली, तरी ‘आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग’ असा नकार येतो. आज्ञेसोबत एकही आर्ग्युमेंट नसताना आलेली ही तक्रार वाचून तपास भलत्याच दिशेला जातो, कारण व्हेरिएबल भरलेले असते त्याच शेलमध्ये आधी वाचल्या गेलेल्या दुसऱ्याच स्क्रिप्टने, आणि शेल मात्र त्याचा वारसा पुढच्या प्रत्येक प्रोग्रामला देऊ पाहतो.

यादी कापून बसवणे हा यावरचा इलाज नव्हे. तीन बाइटांच्या चिन्हात मधेच कात्री लागली तर अक्षर विद्रूप होते, आणि ती अचूक जागी लागली तरी उरलेल्या भाविकांची नावे कोणालाही खबर न लागता दप्तरातून नाहीशी होतात. हा दोष पहिल्याहून गंभीर आहे. म्हणून वाढणारा मजकूर फाइलीत ठेवावा किंवा स्टँडर्ड इनपुटवाटे द्यावा, व्हेरिएबलमध्ये त्या फाइलीचा पत्ता तेवढा असावा. लांबी अक्षरांत न मोजता बाइटांत मोजावी, आणि मर्यादेपलीकडचा मजकूर, व्हेरिएबलचे नाव व आकार नमूद करून, पुढचा प्रोग्राम सुरू करण्यापूर्वीच नाकारावा.

मराठी नावे हाताळणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामरला माझी आग्रहाची विनंती आहे, की आपली पुढची चाचणी देवनागरीत, आणि यात्रेच्या दिवशी असेल तेवढ्या लांबीच्या यादीवर घ्यावी.

— ‘दफ्तरदार’