पाहुण्यांपुढील चीजचें ताट

हल्लीं गिरगांव-दादरच्या घरांतूनहि सायंकाळच्या पाहुण्यांपुढें चिवड्याच्या बशीसोबत चीजचें ताट मांडण्याची हौस दिसते. हौसेस आमची हरकत नाहीं; मात्र गृहिणीनें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. कित्येक विलायती चीजांसाठीं दूध गोठविण्यास वासराच्या जठरांतील रेनेट नांवाचें द्रव्य वापरतात. इटलीच्या पार्मिजानो रेज्जानोस तर तेंच लागतें. आपल्या पारशी शेजाऱ्यांचें टोपलीचें पनीरहि पूर्वापार प्राणिज रेनेटनें लावीत. तें घेतांना दुकानांत विचारावें. सूक्ष्मजीवांपासून काढलेल्या रेनेटचें चीजहि मिळतें. त्याच्या वेष्टनावर हिरवा ठिपका असतो. घरांतील वडील मंडळी आपल्या हातचें विश्वासानें खातात. त्या विश्वासास तडा जाऊं देऊं नये.

ताटांत मऊ, मध्यम व कठीण असे ३ प्रकार पुरेत. चीज अर्धा तास आधीं फ्रीजमधून काढावें, म्हणजे चव खुलते. मुंबईच्या उन्हाळ्यांत १५ मिनिटेंच बस्स. बाजूस खाकरा, अक्रोड, द्राक्षें आणि घरचा साखरांबा मांडावा. कोणा पाहुण्यासाठीं मांसाचे काप ठेवणें झाल्यास त्यांचें ताट व सुरी निराळी असावी. आणि कोणता तुकडा कशाचा, हें कोणी विचारण्यापूर्वींच सांगावें.