शाळेची उलटी पट्टी



उलटी पट्टी म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको. माल बाजारात नेला, विकला आणि अडत, हमाली, तोलाई, गाडीभाडे वजा जाता शेतकऱ्याच्याच अंगावर बाकी निघाली. तशीच पट्टी आता गावच्या शाळेची निघते आहे. शाळा गावाची जाते आणि खर्चही गावाच्याच नावावर पडतो.

डिसेंबर २०१७ मध्ये राज्य सरकारने १० पेक्षा कमी पट असलेल्या १,३१४ शाळा जवळच्या शाळांत सामावण्याचे ठरवले. सप्टेंबर २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी समूह शाळांचे प्रस्ताव मागवले. तेव्हा अशा शाळांचा आकडा १४,७८३ सांगितला गेला, त्यांतली मुले १ लाख ८५ हजारांवर. ही कोणाची मुले? वाडी, तांडा, पाडा आणि कोरडवाहू गावाची. आपलीच कितीतरी माणसे पोट भरायला शहराकडे गेली आहेत.

सरकार सांगते, एका मुलामागे खर्च फार येतो. हिशेबाला आम्ही भीत नाही. हिशेब पुरा करा, एवढेच म्हणणे आहे. समजा, शाळा ४ किलोमीटरवर गेली. दुसरीतल्या पोरीला एकटे धाडता येत नाही. वाटेत नाला, पांधणीत गुडघाभर चिखल. मग आई सकाळी सोडायला जाणार, संध्याकाळी आणायला. जाऊन-येऊन १६ किलोमीटर. कापूस फुटलेला असताना तिची वेचणी बुडाली, ती कोणत्या रकान्यात लिहायची? चार दिवस असे गेले की घरात ठरते, पोरीला राहू द्या घरी, धाकट्याला तरी सांभाळेल. पोरीची शाळा सुटली, ती कोणत्या रकान्यात लिहायची?

कापसाचा उत्पादन खर्च काढताना घरच्या माणसाची मजुरी कशी कमी धरतात, हे मी शेतकीच्या कॉलेजात शिकलो नाही. तुमच्याबरोबर पारावर बसून शिकलो. शाळेच्या हिशेबातही तीच चलाखी आहे. सरकारचा खर्च वाचत नाही, तो शेतकऱ्याच्या खात्यावर वळता होतो.

हे दुखणे जुने आहे. १८८२ साली हंटर कमिशनपुढे महात्मा फुल्यांनी हाच हिशेब मांडला. तिजोरी भरते रयतेच्या घामाने आणि शिक्षणाचा पैसा जातो वरच्या वर्गाकडे, हे त्यांनी इंग्रज सरकारला स्पष्ट सुनावले. तिजोरीत भर घालणाऱ्याने शाळा मागितली तर ती भीक होत नाही.

मागितली तर मिळते, याचाही दाखला आहे. नाशिक जिल्ह्यात इगतपुरी तालुक्यातील दरेवाडी ही भाम धरणाच्या विस्थापितांची वस्ती. २०२२ मध्ये तिथली शाळा बंद झाली. तेव्हा पोरे थेट जिल्हा परिषदेवर निघाली. शिकवणार नसाल तर दप्तरे परत घ्या आणि राखायला शेळ्या द्या, ही त्यांची मागणी. एवढ्या साध्या मागणीला साहेबांकडे उत्तर नव्हते. शाळा पुन्हा सुरू करावी लागली.

पण नुसत्या मोर्चाने भागणार नाही. पट कमी झाला त्यात आपलाही वाटा आहे. सरपंचाचे पोर, सोसायटीच्या चेअरमनचे पोर आणि खरे बोलायचे तर आपल्या कार्यकर्त्यांची पोरेही सकाळी इंग्रजी शाळेच्या गाडीत बसतात. माझा मुलगाही त्या गाडीत बसला होता, म्हणून हे लिहिताना मान खाली जाते. कापसाच्या भरवशावर उसनवारी करून फी भरायची आणि गावची शाळा ओस पडली म्हणून सरकारला शिव्या द्यायच्या, हे दोन्ही एकाच तोंडाने कसे चालेल?

उगवण विरळ झाली म्हणून कोणी शहाणा शेतकरी लगेच वखर घालत नाही. आधी कारण बघतो, मग नांगे भरतो. पुणे जिल्ह्यात खेड तालुक्यातील जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेत २०२२ मध्ये मोजून ३ मुले उरली होती. शिक्षक आणि गावकरी मिळून कामाला लागले. २०२५ पर्यंत पट १२० च्या घरात गेला. याला म्हणतात नांगे भरणे.

तेव्हा हंगामाआधी प्रत्येक गावाने चार कामे करावीत. एक, ६ ते १४ वर्षांच्या मुलांची घरोघर यादी करा; कोण कोणत्या शाळेत, कोण कुठेच नाही. दोन, पुढच्या शाळेचे अंतर पायवाटेने मोजा आणि पावसाळ्यात नाला किती दिवस अडतो ते लिहा. राज्याच्या २०११ च्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत धरली आहे. तीन, शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या बाया. ती समिती कागदावरून उठवून बैठकीला बसवा. चार, शाळा हलवू नये असा ग्रामसभेचा ठराव करून त्याची पोच घ्या.

आणि पाचवे काम ज्याचे त्याने घरी करायचे. आपले पोर गावच्या शाळेत घालायचे आणि गुरुजी वेळेवर येतात की नाही, शिकवतात की नाही, हे रोज बघायचे. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना मुलांची यादी सोबत आणा. मी माझ्या गावची आणतो.