बोक्याचा मधुमेह आणि वाटीतले कोरडे दाणे

आरोग्याच्या सदरात मांजराचे काय काम, असे काही वाचक म्हणतील. पण गेल्या वर्षभरात माझ्या दवाखान्यात स्वतःची साखर दाखवायला आलेल्या तिघांनी उठता उठता विचारले, "डॉक्टर, आमच्या मांजरालाही साखर निघाली आहे. त्याला खायला काय घालायचे?" रांजणगावात औद्योगिक वसाहत आली, फ्लॅट उभे राहिले आणि कणगीपाशी दबा धरून बसणारे मांजर सोफ्यावर लोळू लागले. महागणपतीच्या गावात मूषकांची वाण नाही, पण पकडायला उठतो कोण? मी पशुवैद्य नाही. तरीही लिहितो आहे, कारण हा धडा मी माझ्याच घरी, चूक करून शिकलो.

आमचा मन्या नऊ वर्षांचा, नसबंदी केलेला बोका. वजन ७ किलो १०० ग्रॅम. साधारण मांजर ४ ते ५ किलोचे असते. कोरड्या दाण्यांची वाटी दिवसभर भरलेली असे आणि जाता-येता जो तो तीत मूठभर टाकी. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात तो सारखा पाणी पिऊ लागला, मुताचा ट्रे सतत ओला दिसू लागला. खाणे वाढले, तरी पाठीचा कणा हाताला लागू लागला. पुढे तो मागच्या पायांच्या टाचा टेकवून चालू लागला. माणसात ही लक्षणे दिसली असती तर मी त्याच दिवशी रक्त तपासले असते. मांजराच्या बाबतीत मात्र "ऊन फार आहे" म्हणत महिना घालवला. शेवटी पुण्याला नेले. भीतीने मांजराची साखर एरवीही चढते, म्हणून पशुवैद्यांनी मागच्या दोन-तीन आठवड्यांचा अंदाज देणारी फ्रुक्टोसामीन ही तपासणीही केली. मधुमेहच होता. सकाळ-संध्याकाळ इन्शुलिन सुरू झाले.

आपल्याकडे किडकिडीत माणसालाही मधुमेह होतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता व बालकांचा अभ्यास केला. जन्मतः हडकुळ्या दिसणाऱ्या आपल्या बाळांच्या अंगात चरबीचे प्रमाण मात्र जास्त असते, हे त्यातून दिसले. मांजराचे गणित जास्त सरळ आहे. लठ्ठपणा, बसून राहणे, नसबंदी आणि वय ही त्याची मुख्य कारणे. बोक्यांना धोका मांजरींपेक्षा अधिक.

मांजर निसर्गतः निव्वळ मांसाहारी आहे. त्याला गोड चव कळतच नाही. गोडाची जाणीव देणारे त्याचे जनुक निकामी असल्याचे २००५ मध्ये सिद्ध झाले. उंदीर खाल्ला तर पाणी, प्रथिने आणि चरबी मिळते, पिष्ट नावालाच. कोरड्या दाण्याला मात्र आकार धरण्यासाठी पिष्ट लागतेच, त्यामुळे त्यात साधारण एक तृतीयांश भाग कर्बोदकांचा असतो. शिवाय शंभर ग्रॅम दाण्यांत ३५० ते ४०० कॅलरी, तर तेवढ्याच ओल्या खाद्यात ७० ते १०० कॅलरी. ओल्या खाद्यात तीन चतुर्थांशाहून अधिक पाणीच असते. पोट तेवढेच भरते, पण भार हलका पडतो.

"मग पाकीट बंद करून दूध-पोळी देऊ का?" असे लोक लगेच विचारतात. नको. पोळी आणि भात म्हणजे पुन्हा पिष्टच.

दाणे विष आहेत असे माझे म्हणणे नाही. सडपातळ, हिंडत्या-फिरत्या मांजराला मोजून दिले तर चालतात. पण लठ्ठ आणि मधुमेही मांजराला कोरड्यावरून ओल्या खाद्यावर आणले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. रोग लवकर कळला, इन्शुलिन वेळेवर सुरू झाले आणि कर्बोदके कमी केली, तर बऱ्याच मांजरांचे इन्शुलिन काही महिन्यांत सुटते. रोग पुन्हा उलटू शकतो, हेही खरे.

आता माझी चूक. हे सारे वाचून मी एका रविवारी दाण्यांची बरणी उचलून ठेवली आणि ओले खाद्य सुरू केले. इन्शुलिनची मात्रा तीच ठेवली. माणसांचा मधुमेह तीस वर्षे हाताळल्याचा तोरा होता! तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मन्या भिंतीला धडकत चालू लागला, मग आडवा पडून झटके देऊ लागला. कानाच्या कडेला टोचून साखर पाहिली, ४१ आली. माणसाचे यंत्र मांजराची साखर थोडी कमी दाखवते, पण ते लक्षात घेतले तरी हा आकडा जिवावरचा होता. हिरड्यांना मध चोळला आणि तसेच गाडीत घालून पुणे गाठले. पशुवैद्यांनी खरडपट्टी काढली ती योग्यच होती. पिष्ट एकदम कमी केले की साखर दोन-तीन दिवसांत उतरते आणि कालची मात्रा आज जास्त ठरते. म्हणून इन्शुलिनवरच्या मांजराचे खाणे पशुवैद्यांना सांगूनच बदलावे आणि त्या दिवसांत घरी साखर मोजत राहावे. झटके आले तर मध किंवा साखरेचे पाणी हिरड्यांना चोळावे, बेशुद्ध प्राण्याच्या तोंडात ओतू नये.

सुईचेही सांगतो. औषधाच्या दुकानात ४० युनिटची लाल टोपीची आणि १०० युनिटची नारिंगी टोपीची अशा दोन सिरिंज मिळतात. १०० च्या बाटलीतले औषध ४० च्या सिरिंजने २ च्या खुणेपर्यंत ओढले, तर प्रत्यक्षात ५ युनिट जातात. एवढ्याशा जिवाला ते झेपणार नाही. घरातल्या आजोबांची मधुमेहाची गोळीही आपल्या मनाने कधी देऊ नये.

पाकिटावर कर्बोदकांचा आकडा बहुधा नसतो. प्रथिने, चरबी, तंतू, राख आणि पाणी यांची बेरीज शंभरातून वजा केली की तो मिळतो. मात्र ओल्या खाद्यात २ टक्के उरले म्हणून खूश होऊ नका. पाणी ८४ टक्के असेल तर कोरडा भाग १६, आणि १६ मध्ये २ म्हणजे साडेबारा टक्के झाले. दाट रस्सा असलेल्या पाऊचमध्ये पिष्ट जास्त असू शकते.

मन्याने दुसऱ्या खेपेला तीन आठवडे घेतले. आधी दिवसभराची वाटी बंद करून दोन वेळा ठरवल्या. मग चमचाभर ओले खाद्य कोमट करून त्यावर दाण्यांचा चुरा भुरभुरवला आणि चुरा हळूहळू कमी केला. "भूक लागेल तेव्हा खाईल" हा हट्ट धरू नका. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले तर यकृतात चरबी साचून कावीळ होते आणि ते दगावू शकते. आमच्याकडे चतुर्थीचा उपास कडक असतो, तो बोक्याला नाही. एक दिवस खाल्ले नाही तरी फोन करायचा, आणि न खाणाऱ्याला इन्शुलिन विचारल्याशिवाय द्यायचे नाही.

ज्यांच्या घरात मांसमच्छी शिजत नाही, त्यांनी पाऊच पडवीत फोडावा, बशी वेगळी ठेवावी. पाऊच परवडत नसतील तर काही भाग उकडलेल्या कोंबडीचा ठेवता येतो. मीठ-मसाला आणि कांदा-लसूण नको. उकडताना टॉरीन पाण्यात उतरते, म्हणून ते पाणीही द्यावे. टॉरीन कमी पडले तर मांजराचे डोळे आणि हृदय बिघडते. नुसत्या कोंबडीवर मात्र ठेवू नये, कारण मांसात कॅल्शियम फार कमी असते. काय जोडायचे ते पशुवैद्य सांगतील.

वजन उतरवण्याची घाई नको. आठवड्याला एक टक्का पुरे. मांजर कडेवर घेऊन काट्यावर उभे राहावे आणि आपले वजन वजा करावे. मन्या आज ५ किलो ६०० ग्रॅमवर आहे. पाचव्या महिन्यात त्याचे इन्शुलिन थांबले. साखर आता आठवड्यातून एकदा पाहतो. दर रविवारी यंत्र काढले की तो कपाटाखाली जातो आणि पाऊच फाडल्याचा आवाज आला की बाहेर येतो.